तुम्ही विचारलंत म्हणून: अवघे पाऊणशे

एखादी एकांकिका उभी राहिली की प्रयोगानंतर कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "तुम्ही लिहायला कशा काय लागलात?" विचारणाऱ्याला आशा असते, की आता काहीतरी दुखरं, खोलवरचं ऐकायला मिळणार. मी म्हणते, "देवलांमुळे." समोरचा जरासा हिरमुसतो. नाटककार गोविंद बल्लाळ देवल, १८५५ ते १९१६, अण्णासाहेब किर्लोस्करांचे शिष्य, हे परीक्षेत दोन गुणांना येणारं नाव. त्यांच्यामुळे कुणी लिहायला लागतं का?

मी लागले, तेही पस्तिशी उलटल्यावर. तोवरचं माझं सगळं लेखन 'उपरोक्त विषयास अनुसरून' या जातीचं. कचेरीत पत्रांचे मसुदे करायचे, त्यात 'सदर'ची आणि 'तथापि'ची पेरणी करायची. देवलांच्या 'शारदा' नाटकातली पदं लहानपणापासून कानावर होती, पण पद गाणाऱ्याचं होऊन बसतं. तान ऐकायची की शब्द? ग्रंथालयात दुसरंच काही शोधताना नाटकाची प्रत हाती आली. उभ्याउभ्या चाळू लागले आणि एका ओळीपाशी थांबले. म्हातारा भुजंगनाथ कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघालाय, तिचा बाप कांचनभट पैशांसाठी तयार आहे, आणि शारदेची मैत्रीण थट्टेत म्हणते: 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान.'

पंच्याहत्तर नव्हे, पाऊणशे. पंच्याहत्तर हा नुसता आकडा. पाऊणशे म्हटलं की त्यात शंभर ऐकू येतात. बरं, त्याच्या आधी 'अवघे', म्हणजे बाजारात भाव कमी करून सांगावा तसं. आणि 'इतुका न' मधला तो नकार मागे ढकललेला, त्यामुळे आधी 'म्हातारा' कानावर आदळतो आणि मग त्याची सारवासारव सुरू होते. एका पोरीचा सौदा चाललाय, आणि नाटककार ना संतापतोय ना उपदेश करतोय. नुसता हिशेब मांडतोय. हेच मला लिहायला सांगितलं असतं तर मी 'उभयतांच्या वयातील तफावत विचारात घेता' असं लिहून मोकळी झाले असते.

(जाता जाता: १९२९च्या बालविवाहाविरुद्धच्या कायद्याला आपल्याकडे शारदा कायदा म्हणतात, तो या नाटकावरून नव्हे. विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडांवरून ते नाव पडलं. मीही कित्येक वर्षं छातीठोकपणे उलट सांगत होते.)

पण 'शारदा' वाचून मी लगेच लेखणी उचलली म्हणाल तर नाही. उलट हबकले. असलं आपल्याला या जन्मात सुचायचं नाही, म्हणून गप्प बसले. लिहायला लावलं ते नंतर कळलेल्या एका गोष्टीने. देवलांची नाटकं सात, आणि त्यातलं स्वतंत्र एकटं 'शारदा', १८९९चं. 'मृच्छकटिक' शूद्रकाचं, 'विक्रमोर्वशीय' कालिदासाचं, 'शापसंभ्रम' बाणाच्या 'कादंबरी'वरून. 'झुंझारराव' म्हणजे शेक्सपिअरचा ऑथेल्लो, 'दुर्गा'ही इंग्रजीवरून. आणि मला सर्वांत लाडकं 'संशयकल्लोळ'? त्याचं मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६०च्या प्रहसनात. ते १७६१मध्ये आर्थर मर्फीने इंग्रजीत फुलवलं. त्यावरून देवलांनी १८९३च्या सुमारास 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक केलं, आणि त्याला पदं जोडून झालेलं संगीत रूप आलं १९१६ साली. तीन हातांतून गेलेली वस्तू! तरी फाल्गुनराव आणि कृत्तिका भांडायला लागले की ते दुसऱ्या कुठल्या भाषेत कधी भांडले असतील असं वाटत नाही.

नावंच बघा ना. फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या: पुरुष महिन्यांवरचे. कृत्तिका, रेवती, मघा: बायका नक्षत्रांवरच्या. अख्खं पंचांग रंगमंचावर येऊन एकमेकांवर संशय घेतंय. हे ना मोलिएरकडे, ना मर्फीकडे. गोष्ट उसनी असली तरी बोलणारी माणसं आपल्याला घडवावी लागतात, आणि तेवढं तर करून बघता येईल, असं मला वाटलं.

मग मीही एक जुनं विलायती प्रहसन घेतलं, नावं बदलली आणि महिनाभर खपून पहिला प्रवेश लिहिला. कचेरीतल्या एका मैत्रिणीला वाचायला दिला. तिने दुसऱ्या पानावर मान वर केली. "अगं, हा नवरा बायकोशी बोलतोय की टिपणी सादर करतोय?" खरंच होतं ते. नवरा रागाच्या भरात 'त्याबाबत खुलासा कर' म्हणत होता.

देवल नटांना तालीम देत. वाक्य नटाच्या तोंडात कुठे अडकतं, श्वास कुठे संपतो, हे त्यांना रोज दिसत असणार. माझ्याकडे नट नव्हते. मग मीच खोलीचं दार लावून सगळी पात्रं मोठ्याने वाचायला लागले. जीभ अडखळली की वाक्य खोडायचं, इतका साधा नियम. 'खुलासा कर'चं आधी 'सांग मला' झालं, मग 'बोल ना', आणि शेवटी नवऱ्याचं वाक्यच गेलं. तो नुसता तसबीर उलटी करून ठेवतो. (हो, तसबीर मी देवलांकडूनच ढापली. त्यांनी मर्फीकडून घेतली होती, त्यांना चालेल.)

त्यानंतर पाच-सहा एकांकिका झाल्या, बहुतेकींचा सांगाडा कुणा ना कुणाकडून आणलेला. त्यामुळे पहिल्या प्रश्नाला जोडून हल्ली दुसराही येतो: स्वतंत्र नाटक कधी? 'शारदा' आलं तेव्हा देवलांनी चाळिशी ओलांडली होती, हे मी तयार ठेवलेलं उत्तर. परवा एकाने लगेच विचारलं, "आणि तुमचं वय?"

"अवघे बावन्न," मी म्हटलं.