आमची वाटचाल : डबे, एक सुनावणी आणि कूलरची खिडकी

2011 साली आमची खानावळ सुरू झाली तेव्हा तिला पाटीसुद्धा नव्हती. नागपुरात गोळीबार चौकाजवळच्या घरात आई रांधायची आणि मी स्कूटरवर डबे पोहोचवायचो. बुधवार-रविवार सावजी मटण, एरवी पाटोडीचा रस्सा, भरली वांगी, डाळकांदा. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, त्याआधी घरी हातमाग. सावजी जेवण मुळात आम्हा कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, चुलीवरचं. बाहेरच्यांना त्याचा तिखटपणा तेवढा लक्षात राहतो. खसखस, खोबरं, दगडफूल भाजायला आईची अख्खी सकाळ जाते, ते कोणी विचारत नाही. पुढची 7 वर्षं पटकन सांगतो : 18 डब्यांचे 140 झाले, अन्न परवाना काढला, मदतीला दोन मावश्या आल्या.

2018 मध्ये डोक्यात रेस्टॉरंट शिरलं. प्रतापनगरकडच्या एका लेआउटमध्ये वडिलांनी घेऊन ठेवलेला प्लॉट होता. विकास आराखड्यात तो रहिवासी. आर्किटेक्ट म्हणाला, वापर बदलून वाणिज्यिक करून घेऊ. त्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चं कलम 37 आहे : राजपत्रात नोटीस निघते, महिनाभर हरकती-सूचना मागवतात, हरकत घेणाऱ्यांना सुनावणी देतात आणि मग प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो. मला ते सगळं कागदी सोपस्कार वाटले. आपलाच प्लॉट आहे, आपण काय दारूचा गुत्ता टाकून राहिलो?

हरकती आल्या 31. निम्म्या एकाच मजकुराच्या, खाली फक्त सही वेगळी. पार्किंग, उंदीर, रात्रीचा गोंगाट, ‘असामाजिक तत्त्वे’ आणि ‘वसाहतीची संस्कृती’. हा शेवटचा शब्द मला झोंबला. ‘सावजी’ म्हटलं की मटण आणि दारू, एवढाच हिशेब होता त्यात, पण कागदावर कोणी तसं लिहिलं नव्हतं. मी घरी बायकोजवळ पुष्कळ बोललो. ती म्हणाली, “तिथं जाऊन हे बोलू नका जी, आधी त्यांचं ऐका.”

सुनावणी एका मंगळवारी, दुपारी. पंख्याखाली चाळीसेक माणसं. आमच्या वकिलांनी आधीच स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र दिलं होतं की परमिट रूम काढणार नाही, रात्री 11 ला शटर खाली येईल. वीज मंडळातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर काका उठले. हातात आलेखाचा कागद. आमच्या नकाशावरची 22 टेबलं मोजून त्यांनी 88 माणसं काढली, आणि आमच्या हद्दीत जागा होती 6 गाड्यांची. रहिवासी भागात रात्री 10 नंतर आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, फाटकाशी एक बुलेट सुरू झाली की संपली ती मर्यादा, असं म्हणाले. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे : “तुम्ही चांगले आहात, मान्य. पण हा बदल तुमच्या नावावर होणार नाही, प्लॉटवर होणार आहे. उद्या तुम्ही विकला तर तिथं काय उघडेल, ते तुमच्या प्रतिज्ञापत्रात कुठं आहे?” वकील काहीतरी बोलले. मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही.

पण मला खरं आडवं केलं ते लागूनच राहणाऱ्या काकूंनी. सत्तरीच्या, दम्याचा पंप पदराला बांधलेला. त्यांनी कायदा काढला नाही की संस्कृती काढली नाही.

“तुमच्या भटारखान्याचा धूर कुठून निघते?”

आर्किटेक्टनं नकाशावर बोट ठेवलं.

“तिथंच माझ्या बेडरूमची खिडकी आहे. त्या खिडकीले कूलर आहे. चार महिने तो चालूच राहते. तुम्ही रस्स्याले फोडणी द्याल आणि माझा कूलर ते सगळं आत ओढून घेईन.”

कार्यालयात काही लोक हसले. मी नाही हसलो. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 ला टेकला की कूलर म्हणजे काय असतो, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. एसी घरातलीच हवा फिरवतो. कूलर बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून खेचून खोलीत फेकतो. लाल मिरचीची फोडणी पडली की आमच्याच घरी शेजारची पोरं खोकत पळायची, तेही आठवलं. आर्किटेक्ट, वकील, मी, तिघांनी तो नकाशा किती वेळा पाहिला असेल! धुराड्याच्या तोंडापुढं कोणाचं उशी-पांघरूण आहे, हे एकालाही दिसलं नव्हतं.

निकालाची वाट मी पाहिली नाही. दोन आठवड्यांनी अर्ज मागं घेतला. नकाशे, वकील, फी मिळून जे गेलं ते गेलं. वडील त्या आकड्यावर अजून अधूनमधून बोलतात. ‘संस्कृती’वाल्यांवरचा माझा रागही पुरता गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

2019 च्या दिवाळीनंतर मोठ्या रस्त्यावर, आधीपासूनच वाणिज्यिक असलेल्या इमारतीत तळमजल्याचा गाळा भाड्यानं घेतला. टेबलं 11. भाडं ऐकून आईनं कपाळाला हात लावला. पाच महिन्यांत लॉकडाऊन लागला आणि आम्ही पुन्हा डब्यांवर आलो, पण तो वेगळा विषय. गाळ्याची चावी हातात आल्यावर मी आधी जिने चढलो आणि वरच्या तिन्ही मजल्यांवर, मागच्या अंगाला कोणाकोणाचे कूलर आहेत ते विचारून आलो. पाच निघाले. धुराड्याचा पाइप गच्चीच्या वर नेला. पत्र्याचं काम करणारा भाऊ म्हणाला, “इतका उंच काऊन नेता जी? दुसऱ्या माळ्यावर सोडून देऊ, कोण पाहते?”

त्याचं बिल भट्टीपेक्षा जास्त झालं.