कूलर बंद झाला त्या संध्याकाळी

जूनमधला पहिला चांगला पाऊस झाला, त्या संध्याकाळी आम्ही दोन महिन्यांनी कूलर बंद केला. हॉलमध्ये सिनेमा लागला. स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरवर आवाजाचा रोजचाच आकडा होता, उणे १२. पडद्यावर कुणीतरी दार आपटलं आणि स्वयंपाकघरात माझ्या हातातलं लाटणं थांबलं. मिस्टरांनी आवाज वाढवला असं वाटून मी बाहेर आले. त्यांनी रिमोटला हातही लावला नव्हता. उन्हाळाभर आम्ही एवढ्याच आवाजात बघत होतो, फक्त वरून कूलरची घरघर होती म्हणून तो कळत नव्हता.

अमळनेरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. पारा ४४-४५ वर, दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही, आणि घराघरात पत्र्याचे कूलर. कूलर सुरू केला की संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून आवाज वाढवायचा. संवाद कळायला लागतात, पण मारामारी, स्फोट, गाणी सगळं त्याच मापाने वर जातं. पुढच्या आठवड्यात कानांना त्याचीही सवय होते.

त्याच मे महिन्यात आमचा सहा वर्षांचा लेक एका रात्री झोपताना म्हणाला, "आई, कानात शिट्टी वाजतेय." मी म्हटलं, झोप, सकाळी जाईल. खाटेवरून नानांनी, माझ्या सासऱ्यांनी, मान वर केली. "कानमा शिट्टी वाजस का रे भो? माले बी आशीच वाजे. जिनिंगना पहिला सीझनमा."

नाना धरणगावकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, दिवाळीपासून होळीपर्यंत मशीनच्या शेजारी. आज त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन, ओठ दिसतील असं बोलावं लागतं. मी त्या रात्री झोपले नाही.

मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. डेसिबल, म्हणजे आवाजाचं माप, फळ्यावर दरवर्षी लिहिते आणि माझ्याच हॉलमध्ये कधी मोजला नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं. पहिल्या पावसानंतर लॅबमधला आवाज मोजायचा मीटर मागून आणला. कूलर फुल स्पीडवर, टीव्ही बंद, तरी सोफ्यावर ६३ डेसिबल. सिनेमातल्या मोठ्या प्रसंगाला सोफ्यावर ८९. आणि पोरगं जिथे बसतं, स्पीकरच्या पुढ्यात चटईवर, तिथे ९४.

जागतिक आरोग्य संघटनेने इअरफोनवर ऐकणाऱ्यांसाठी मर्यादा सुचवली आहे: मोठ्यांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांना ७५. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी. म्हणजे ७८ ला २० तास, ८१ ला १०... असं करत ९४ ला मुलाचा आठवड्याचा सगळा कोटा जेमतेम अर्ध्या तासात संपतो. सिनेमा सलग तेवढा मोठा नसतो हे मान्य. पण कान आवाज कुठून आला ते बघत नाही. आतल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. नानांच्या तशाच गेल्या.

मिस्टरांचा समज असा होता की आकड्यामागे उणे आहे म्हणजे आवाज कमीच. हा समज बऱ्याच घरांत आहे. रिसीव्हरच्या त्या पट्टीवरचा ० म्हणजे शांतता नव्हे, ० म्हणजे सिनेमागृहातला ठरलेला आवाज. तिथे मुख्य स्पीकरचा कडकडाट १०५ पर्यंत जाऊ शकतो, आणि घुमणाऱ्या बेसच्या चॅनेलचा ११५ पर्यंत. उणे १२ म्हणजे त्याच्याहून १२ कमी, म्हणजे तरीही ९३. आणि हे गणितसुद्धा रिसीव्हरने माइकवरून खोलीतला आवाज मोजून जुळवला असेल तरच लागू. आमचा बसवून देणाऱ्याने माइक लावून मोजणी केली ती कूलर चालू ठेवून! त्या आकड्याला काही अर्थच नव्हता.

म्हणून एका रविवारी पहाटे पाचला उठलो. दूधवाल्याची मोटारसायकल यायच्या आत, पंखा बंद, फ्रिजचा प्लगसुद्धा काढला. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवून नाही, स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. मग एकेका स्पीकरमधून रिसीव्हरचा तपासणीचा फसफस आवाज सोडला आणि मीटर सोफ्यावर ७५ दाखवेल असं जमवलं. तासभर गेला. त्यानंतर पहिल्यांदा आकडा खरा बोलायला लागला.

आता कूलर बंद असेल तर आम्ही उणे २५ वर बघतो आणि सगळं नीट कळतं. मधल्या स्पीकरला ३ डेसिबल जास्त दिलेत, संवाद तिथूनच येतात. रात्री नाइट मोड, म्हणजे मोठे आवाज दबतात आणि बारीक वर येतात. मेन्यूत कमाल मर्यादा उणे १० वर बांधून टाकली, कुणाचा हात रिमोटवर पडला तरी पुढे जाणार नाही. कूलरला नवा वाळा आणि नवे बुश बसवले, तो मागच्या खिडकीला नेला. फुल स्पीडवर आता ५५. हा खर्च मला सगळ्यांत जास्त पटला, कारण भांडण मुळात आवाजाचं नव्हतंच, घरघरीचं होतं.

लेकाला जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे दाखवलं. तपासणीचा आलेख चांगला आला. शिट्टी पुन्हा वाजली नाही.

राहिले नाना. त्यांना उणे २५ वर काहीच ऐकू येईना, आणि त्यांच्यासाठी आवाज वाढवला की पोराचे कान. आधी पोरगं पुढे चटईवर असायचं आणि नानांची खाट मागे भिंतीला. आम्ही जागा बदलल्या. नानांची खुर्ची मधल्या स्पीकरपासून हातभर अंतरावर, पोरगं मागे खाटेवर. मीटर धरून पाहिला, नानांच्या जागी सोफ्यापेक्षा ५ डेसिबल जास्त. काल बातम्या लागल्या होत्या. नाना पुढे झुकून ऐकत होते, आणि मध्येच मागे वळून नातवाला म्हणाले, पाऊस सांगितलाय रे.