संग्रहालयातला मंद प्रकाश

आज बऱ्याच वर्षांनी शहरातील वस्तुसंग्रहालय आणि त्यातील कलादालन सवडीने पाहिले. लहानपणी आईचे बोट धरून येथे यायचो, तेव्हा लघुचित्रांच्या दालनात एवढा अंधार का ठेवतात हे कळत नसे आणि काचेला नाक लावून मी हत्तीच्या झुलीवरची नक्षी शोधत राही. कागद, कापड आणि जलरंग प्रकाशाने फिके पडतात आणि उडालेला रंग पुन्हा परतत नाही, म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे वस्तूवर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश ठेवतात, हे पुढे वाचनात आले. तैलचित्रांना मात्र २०० लक्सपर्यंत चालतो.

तैलचित्रांपाशी आज सर्वांत जास्त रेंगाळलो. एका वृद्धाच्या व्यक्तिचित्रात गालावरच्या रंगाला बारीक तड्यांचे जाळे पडले आहे आणि वरचे व्हार्निश पिवळे पडल्याने पांढरा सदरा सायीसारखा दिसतो. लहानपणी ते तडे मला सुरकुत्याच वाटत. शाळेच्या सहलीत मुलांना रांगेने भराभर पुढे ढकलतात, हे मला आजही खटकते. एकाच चित्रासमोर त्यांना हवा तेवढा वेळ बसू द्यायला हवे. नाण्यांचे दालन वेळेअभावी राहिले, त्यासाठी पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.