तुम्ही विचारलंत म्हणून: तिघांत टेनिस चांगलं कोण खेळतं?

दर दिवाळीत हा प्रश्न येतोच. न्यू जर्सीच्या दिरांचा मुलगा 'यूटीआर सहा' (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग), फ्रान्समध्ये लिऑनला राहणाऱ्या मावसबहिणीची लेक तिथल्या क्रमवारीत '१५/४' आणि आमची लेक ऑल इंडिया रँकिंगमध्ये अंडर फोर्टीनला दोनशेच्या आसपास. मग यांच्यात चांगलं कोण? एकदा लिहूनच टाकते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन.

आयटाचं, म्हणजे ऑल इंडिया टेनिस असोसिएशनचं, रँकिंग म्हणजे बेरीज. टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, नॅशनल सिरीज, जेवढी मोठी स्पर्धा आणि जेवढे राउंड पुढे तेवढे पॉइंट्स, वर्षभर टिकतात मग गळतात. समोर कोण होतं याला किंमत शून्य. म्हणून आम्ही पालक काय करतो, तर रात्री एंट्री लिस्ट उघडून बसतो आणि पुण्यात त्याच आठवड्यात स्पर्धा असली तरी इथे सगळ्या तगड्या पोरी येणार म्हणून ट्रेनचं तिकीट काढून लांब कुठेतरी जातो, जिथे ड्रॉ हलका पडेल, म्हणजे वाट्याला सोपे प्रतिस्पर्धी येतील. मीही केलंय. अशा दोन स्पर्धा गाठल्या, साठेक नंबर वर गेलो (गेलो म्हणते बघा, जशी काही मीच खेळत होते) आणि परत आल्यावर बालेवाडीत क्वालिफाइंगमधून (पात्रता फेरीतून) आलेल्या एका मुलीने पहिल्याच राउंडला ६-१, ६-२ घरी पाठवलं.

आयटीएफ ज्युनियर, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनचं मुलांचं रँकिंग, पण याच जातीचं. सिंगल्सचे सगळ्यात चांगले सहा निकाल, अधिक डबल्सच्या सहांचा पाव हिस्सा. जे३० ही सगळ्यात खालच्या पातळीची स्पर्धा जिंकली की ३० पॉइंट्स, ज्युनियर ग्रँड स्लॅम जिंकलं की १०००. विमानाचे पैसे ज्याच्याकडे, त्याला जास्त चान्स.

यूटीआर वेगळाच प्राणी आहे. १ ते १६.५, वय नाही, मुलगा-मुलगी नाही, वर्षभरातल्या शेवटच्या ३० मॅचेस बघतात, समोरचा किती ताकदीचा आणि तुम्ही किती गेम्स घेतले एवढंच. त्यामुळे कच्च्या पोराला ६-४, ६-४ हरवून पण आकडा खाली येऊ शकतो, आणि पुतण्या जिंकून तोंड पाडून गाडीत बसतो म्हणे. तिकडच्या कॉलेजचे कोच हाच आकडा बघतात, म्हणून दिरांचा जीव त्यात.

मला खरं आवडतं ते फ्रेंचांचं. लहान मोठे सगळे एकाच शिडीवर: ४०, मग ३०/५ ते ३०/१, मग ३०, मग १५/५, १५/४ असं वर वर, शून्याच्याही पुढे मायनसमध्ये जातं! आपल्यापेक्षा वरच्या पायरीच्या माणसाला हरवलं की जास्त पॉइंट्स. क्लबातल्या स्पर्धेत तेरा वर्षांची पोर चाळिशीच्या बाईशी खेळते, आणि त्या बायका स्लाइस मारून मारून असा जीव काढतात की पोर डोकं वापरायला शिकते. आमच्या मुलीने आजवर रँकिंगसाठी स्वतःच्या वयोगटाबाहेर एक मॅच खेळलेली नाही.

तर उत्तर असं की रुपयाचे युरो होतात तसे हे आकडे एकमेकांत बदलत नाहीत. आमचा आकडा प्रवास सांगतो, त्यांचा मुकाबला.

गेल्या मे महिन्यात मावसबहीण आली होती तेव्हा दोघी पोरी खेळल्या, आमची ४-६, ५-७ हरली. मावसबहिणीने टॉवेल देता देता विचारलं, "म्हणजे आमची ऑल इंडियात कितवी धरायची गं?"