उद्यमनगरची हार्डडिस्क: तिसरा रविवार

पहिले दोन रविवार डिस्कची प्रत काढण्यातच गेले. मूळ डिस्कला हात लावायचा नाही हा आपला नियम, त्यात ही मधेच अडकायची. आज एकदाचं खरं काम सुरू झालं.

डिस्क मित्राच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपची. तिथल्या पोरानं ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक (फुकटात चालवायची चोरटी फाइल) टाकला, त्यातून खंडणीचा व्हायरस आला, फाइली कुलूपबंद झाल्या आणि सगळ्यांच्या नावांना चार अक्षरांचं शेपूट लागलं. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ची चिठ्ठी: ९८० डॉलर, ७२ तासांत बोललात तर निम्मे. हे वाचूनच ‘स्टॉप-डेजावू’ हा खंडणीखोर व्हायरस डोक्यात आला. पण चिठ्ठीची नक्कल कुणीही करतं, म्हणून हेक्स एडिटर काढला, म्हणजे फाइल बाइट-बाइट उघडून दाखवणारा प्रोग्राम.

एका पीडीएफची सुरुवात बघितली. पहिली ५ बाइट जशीच्या तशी, पीडीएफची खूण शाबूत. सहाव्यापासून नुसता कचरा. खाली सरकत गेलो आणि १,५३,६०० बाइटला, म्हणजे बरोबर १५० केबीला, कचरा संपून ओळखीचा मजकूर सुरू! फाइलीच्या अगदी शेवटी महिरपी कंसातला तो ठरलेला लांबलचक क्रमांक. आता शंका उरली नाही. घाईतला चोर आहे हा, अख्खी फाइल कुलूपबंद करत बसत नाही.

मग वाईट बातमी. चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी ‘टी१’ असतं तर कुलपाची की (किल्ली) ऑफलाइन, म्हणजे अनेकांना एकच, थोडी तरी आशा. इथं ते नाही. म्हणजे ही किल्ली चोरांच्या सर्व्हरवरून आलेली, या मशीनपुरतीच. एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीचा २०१९ चा डिक्रिप्टर (कुलूप उघडणारा प्रोग्राम) या व्हायरसच्या १४८ जुन्या प्रकारांसाठी आहे, हा त्यानंतरचा. मित्राला फोनवर हे सांगत होतो तर तो म्हणतो, “लगा, कीचं राहू दे. ड्रॉइंग मिळंल का न्हाई तेवढं सांग.”

त्याच्या त्या बोलण्यावरून झिप आठवली. सुट्या ड्रॉइंग फाइली लहान, त्या जवळपास पूर्ण गेल्या. पण दिवाळीत त्यानं सगळ्यांची एक मोठी झिप (अनेक फाइलींचं एकच गाठोडं) करून ठेवली होती. झिपची अनुक्रमणिका शेवटी असते, आणि शेवट तर शाबूत! झिपच्या प्रतीच्या नावाचं शेपूट काढलं, झिप उघडणाऱ्या सेव्हन-झिप प्रोग्रामला दिली. कुरकुर करत उघडली. पहिल्या दोन फाइली गेल्या, बाकीच्या बाहेर आल्या.

गेलेल्या दोनांत पंपाच्या बॉडीचं ड्रॉइंग आहे, आणि या आठवड्याची ऑर्डर नेमकी त्याचीच. पुढच्या रविवारी त्याच्या मेलमधल्या जुन्या अटॅचमेंट शोधायच्या.