मे महिन्यातली पिंगुळी

आमच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा दरवर्षी मे महिन्यात भरतो. चाकरमानी गावी आलेले असतात आणि फणस पिकलेले असतात. ईशस्तवन, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अहवालवाचन हे सगळं सकाळी शाळेत उरकतं. त्यावर लिहिण्यासारखं फारसं काही नाही. अहवाल मीच वाचतो, तरीही. जेवणं झाली की आम्ही पिंगुळीला निघतो. माझ्यापुरता मेळावा तिथून सुरू होतो.

पिंगुळी कुडाळला लागूनच. तिथे परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभं केलं. आत चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायच्या कलेची, जुनी चित्रं, लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या, पडद्यामागून नाचवायच्या चामड्याच्या बाहुल्या. ठाकर मंडळींच्या या कलांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, देवळांत खेळ करायचा मान होता. पुढे संस्थानं गेली, सिनेमा आला, टीव्ही आला. चित्रांच्या पोथ्या माळ्यावर गेल्या, काही गावाबाहेरही गेल्या. ज्या घराने त्या जपल्या, त्याच घराने गोठ्याची जागा त्यांना दिली. मला तरी हे एखाद्या संगमरवरी दालनापेक्षा थोर वाटतं.

२०२१ साली गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या मे महिन्यात करोनामुळे आमचा मेळावाच झाला नाही. पुढच्या खेपेला मात्र दोन गाड्या भरल्या! त्याआधी एक टेम्पो ट्रॅव्हलरही अर्धी रिकामी जायची. “ऊन फार आसा, तुमी जावा” म्हणणारे कोण कोण होते, ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे. वाचून दाखवत नाही, एवढंच.

पोरांना आवडतात त्या कळसूत्री बाहुल्या. मला विचाराल तर चित्रकथी. कथेकरी मांडी घालून बसतो. पुढ्यात फळी, तिला टेकवलेलं चित्र. शेजारी हुडूक (डमरूसारखं वाद्य), टाळ, वीणा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे एक प्रसंग संपला की तो नुसता कागद उलटतो आणि पुढचा प्रसंग समोर येतो. एका वर्षी सीताहरण लावलं होतं. रावण भिक्षेला दारात आला तसा कथेकऱ्याचा आवाज चढण्याऐवजी उतरला. हुडूक थांबला. बोट चित्रातल्या सीतेच्या पावलांपाशी येऊन टेकलं आणि तिथेच राहिलं. आमच्यातल्या एक निवृत्त बाई, ज्यांनी वर्गात कधी कोणाला हुं की चूं करू दिलं नाही, त्या पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. मी बघितलं नाही असं दाखवलं.

चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात आमच्या खजिनदारांची मुंबईची नात उठून थेट पडद्यामागे गेली. परत आली ती हिरमुसून. “आजोबा, मागे एकच माणूस आहे. रावण पण तोच, जटायू पण तोच.” आजोबा म्हणाले, “मगे? रावणाक काय वेगळो पगार देतले?”

हे सगळं जमवून आणणाऱ्यांची नोंद राहायला हवी, नाहीतर मागच्यासारखे फोन येतात. गाडी सावलीत लावू न मिळताही न कुरकुरणारे दोन्ही चालक. पाण्याचे जार आणणारा दहावीच्या ९८ च्या तुकडीतला मित्र. सकाळी शाळेचं कुलूप उघडणारे शिपाईमामा. दोनशे कोकमसरबतं करणाऱ्या वहिनी आणि त्यांच्या जाऊबाई (जाऊबाईंचं नाव मागच्या अहवालात राहिलं, चूक माझीच). माईक बंद पडल्यावर वायर दातात धरून जोडणारा साउंडवाला. फोटो काढणारा माझा पुतण्या, ज्याच्या एकाही फोटोत तो स्वतः नाही.

आणि हो, चटया. त्या दरवर्षी शेजारच्या घरातून येतात, आणि संध्याकाळी झटकून, गुंडाळून परत नेऊन ठेवणारी म्हातारी आमच्या शाळेची विद्यार्थिनी नाही. तिला मेळाव्याचं बोलावणंही कधी गेलेलं नाही. यंदाच्या पत्रिकांच्या यादीत पहिलं नाव तिचं लिहिलंय.