फेरीबोटीतला यमन

गोव्यात रायबंदरहून चोडणला फेरीबोट निघते आणि मांडवी बघता बघता पार होते. तेवढ्या वेळात आलाप कुठला पुरा व्हायला! म्हणून हल्ली मी धक्क्यावर उतरल्यावरही थोडा वेळ थांबतो. इयरफोनवर हरिप्रसाद चौरसियांनी बासरीवर वाजवलेला यमन राग असतो.

आमच्या घरी भजनं आणि नाट्यपदं कायम असायची, पण शब्दांशिवायचं गाणं कधी कुणी लावलं नाही. बासरीत मला आधी फक्त गोडवा ऐकू यायचा. मग एकदा कळलं की यमनात बरेचदा 'सा' टाळून 'नी रे ग' असं वर चढतात. त्या दिवसापासून मी त्या 'नी'ची वाट बघतो. तो आला की अंगावर काटा येतो.

व्हायोलिन आम्हा गोवेकरांना नवं नाही. चर्चमध्ये, लग्नात, हनुवटीखाली धरलेलं मी लहानपणापासून पाहिलंय. एन. राजम यांचा व्हिडिओ पाहिला तेव्हा मात्र थक्क झालो. मांडी घालून बसलेल्या, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवलेलं, आणि डाव्या हाताचं बोट तारेवरून न उचलता सरकत जातंय. व्हायोलिनच्या पट्टीवर सतारीसारखे पडदेच नसतात, त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, गळ्यासारखी निघते. त्या गायक ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या, म्हणूनच ते वाजवणं गाण्यासारखं वाटतं.

काल आईला एक इयरफोन दिला. डोळे मिटून ऐकलं तिनं, आणि म्हणाली, "हे कोण गातंय रे?"